काचबिंदूचे ऑपरेशन आणि औषधाला न जुमानणारा डोळा

शेतकरी बंधूंनो, फवारा मारूनही अळी मरत नाही म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीलाही दाद दिली नाही. औषधाला न जुमानण्याचा असाच काहीसा प्रकार माणसाच्या डोळ्यातही घडतो.

मोतीबिंदू वेगळा, काचबिंदू वेगळा. काचबिंदूत बहुधा डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस सुकत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. ऑपरेशन करायचे ते उरलेली राखायला. आतले पाणी निघून जावे म्हणून डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक वाट करतात, शेतात चर काढावा तशी. गंमत अशी की, इथे जखम पुरती भरून आली की ऑपरेशन फसले! चर बुजतो, दाब पुन्हा चढतो. म्हणून मायटोमायसिन हे मूळचे कॅन्सरवरचे औषध काही मिनिटे त्या जागी लावतात.

पण काही डोळ्यांतल्या पेशी त्यालाही पुरून उरतात. पेशीच्या आवरणात काही प्रथिने असतात; आत शिरलेले औषध ती मोटारपंपासारखी बाहेर फेकतात. कॅन्सरच्या गाठीत हे आधी दिसले, मग डोळ्याच्या पापुद्र्यातही. मात्रा वाढवावी म्हणाल, तर पापुद्रा पातळ होऊन पाणी गळते, जंतू शिरतात.

शिवाय 1994 साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, वर्षानुवर्षे अनेक प्रकारचे थेंब घातलेल्या डोळ्यांत दाह वाढलेला असतो आणि ऑपरेशन जास्त वेळा फसते. म्हणून थेंब बंद कराल तर नजर घालवून बसाल. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात सोडू नका. पण त्यांनी ऑपरेशन सांगितले की ‘सुगी होऊ द्या, पोरीचं लग्न उरकू द्या’ म्हणत दोन वर्षे काढू नका. ऑपरेशननंतरची तपासणी तर चुकवूच नका. चर बुजायला लागतो तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, आणि वेळेत गेलात तर टाका सैल करून किंवा औषध देऊन सावरता येते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक विनंती. आपल्याकडचे नेत्रशिबिर बहुतेक मोतीबिंदूचेच. चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा दाब मोजा, नस पाहा, असा आग्रह शिबिरवाल्यांकडे धरा. आणि ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याला तपासणीसाठी तालुक्याला कोण घेऊन जाणार, तेही त्याच दिवशी ठरवून टाका.