ब्राझीलला हरवलं, पण आपलं स्टेडियम भरलं का?



3 जून 2023 ची ती शनिवारची रात्र तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. अर्जेंटिनात वीस वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप चालू होता आणि आपल्या मुलांनी ब्राझीलला 3-2 असं हरवलं. तेही एक्स्ट्रा टाइममध्ये आणि दोन पेनल्टी चुकवून! माझा नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. शेवटची शिट्टी वाजली तसा तो सोफ्यावरून उडी मारून माझ्या अंगावर पडला. पुढे उरुग्वेने आपल्याला सेमी फायनलला 1-0 ने हरवलं, पण कोरियाला 3-1 असं नमवून आपण तिसरे आलो. त्याच उन्हाळ्यात एकवीस वर्षांखालची टीम युरोपच्या स्पर्धेत सेमी फायनलपर्यंत गेली आणि पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट घेऊन आली.

तेव्हा टीव्हीवर जो तो म्हणत होता, आता बघा, इथल्या लीगचे दिवस पालटणार. मुलं मैदानाकडे धावतील, स्टेडियमं भरतील. मला तेव्हाही शंका होती, आजही आहे. का, ते सांगतो.

मी 1963 मध्ये मुंबईहून आई-वडिलांबरोबर दिमोनाला आलो. पुढच्याच वर्षी एशियन कप इथे इस्राएलमध्ये झाला. टीम चारच होत्या: इस्राएल, भारत, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग. बाकीचे कितीतरी देश आलेच नाहीत. घरात टीव्ही कुठला, रेडिओ होता. भारत विरुद्ध इस्राएल मॅचच्या दिवशी आमच्या ब्लॉकमध्ये जी काय पंचाईत झाली ती विचारू नका. पप्पा कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कपच्या मॅचेस बघत मोठे झालेले, ते गप्प बसून ऐकत होते. इस्राएल 2-0 ने जिंकलं, पुढे कपही जिंकला, आणि भारत दुसरा आला. पप्पा म्हणाले, "चला, पहिला नंबर आपला आणि दुसराही आपलाच." त्याच उन्हाळ्यात आपले लोक लग्नाच्या प्रश्नावरून जेरुसलेमला धरणं धरून बसले होते, हेही लक्षात असू द्या. त्या दिवसांत 'आपला' हा शब्द फार जपून वापरावा लागे.

तर, एशियन कप जिंकल्यावर आपली लीग सुधारली का? उलट दोनच वर्षांनी लीगमध्ये इतका गोंधळ झाला की 1966 ते 1968 अशी दोन वर्षं मिळून एकच सीझन खेळवला. 1970 ला आपण मेक्सिकोच्या वर्ल्ड कपला गेलो. स्वीडनशी 1-1, आणि त्या वर्षी फायनल खेळलेल्या इटलीशी 0-0. श्पिगलरचा स्वीडनविरुद्धचा गोल वर्ल्ड कपमधला आपला आजवरचा एकुलता एक गोल आहे. पण मग काय झालं? श्पिगलर पॅरिसला गेला, तिथून न्यूयॉर्कला पेलेच्या टीममध्ये. रोझेंथाल जर्मनीला गेला. त्यांचं भलं झालं, चांगलंच आहे. पण ज्याला बघायला लोक तिकीट काढतात तोच विमानात बसला तर गेटवर गर्दी कशी होणार?

2023 नंतरही तेच चाललंय. ऑस्कर ग्लूख तर आधीच साल्झबर्गला गेला होता, आणि पुढे अ‍ॅजॅक्सला. अनान खलायली 2024 ला बेल्जियमला गेला, तुर्गेमान 2025 ला अमेरिकेला. नाव झालं की परदेशी क्लबची ऑफर येते, आणि इथला क्लब पैसे घेऊन मोकळा होतो. तेव्हा बाहेरच्या यशाने इथली लीग श्रीमंत होते की रिकामी, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. 2023 च्या यशाची नीट परीक्षा झालीच नाही. सीझन नुकता सुरू झाला होता आणि 7 ऑक्टोबर आला. लीग थांबली, आणि नॅशनल टीमच्या घरच्या मॅचेस हंगेरीत होऊ लागल्या. ज्या मुलांना डोळ्यांनी बघायचं त्यांना आपण टीव्हीवरच बघत राहिलो. त्यामुळे लाट विरली की तिला वाटच मिळाली नाही, हे छातीठोकपणे कोणी सांगू नये.

आता उलट उदाहरण घ्या, आणि ते आमच्या दक्षिणेतलंच आहे. हापोएल बेएर शेवा 1975 आणि 1976 ला चॅम्पियन होती, मग चाळीस वर्षं लीगचं विजेतेपद नाही. मध्ये खालच्या लीगमध्ये पडून 2009 ला वर आली. 2007 पासून मालकीणबाई अलोना बर्कात यांनी क्लब धरून ठेवला, 2015 ला सोळा हजार खुर्च्यांचं नवं स्टेडियम उघडलं, आणि 2016, 2017, 2018 असे तीन वेळा लागोपाठ चॅम्पियन. सप्टेंबर 2016 मध्ये मिलानला जाऊन इंटरला 2-0 ने हरवलं. दिमोनाहून, येरुहामहून माणसं बस भरून बेएर शेवाला जाऊ लागली. आमच्या सभास्थानात लाल स्कार्फ घातलेली नातवंडं दिसायची. नीट बघा, गर्दी इंटरला हरवल्यामुळे जमली नाही. आधी क्लब सुधारला, मैदान झालं, गर्दी जमली, आणि मग इंटर हरलं.

इंग्लंडच्या बायकांनी 2022 ला युरो जिंकला तेव्हा वेंबलीला 87,192 माणसं होती. दोन महिन्यांत आर्सेनल आणि टॉटनहॅमच्या बायकांच्या मॅचला 47,367 आली. तिथे यशाने काम केलं, पण क्लबने छोटं मैदान सोडून मोठं स्टेडियम उघडून दिलं होतं म्हणून. आणि ग्रीस? 2004 ला युरोपचा चॅम्पियन, आणि 2013 ला अथेन्सचा एईकेसारखा नावाजलेला क्लब खालच्या लीगमध्ये गेला.

कोणी म्हणेल, क्रिकेटचं काय? 1983 नंतर गल्लीबोळात क्रिकेट झालं, कबूल. पण रणजी ट्रॉफीची मॅच बघायला वानखेडेवर किती माणसं असतात, ते मुंबईला गेलात तर जाऊन पाहा. आयपीएलला गर्दी होते कारण ती संध्याकाळी असते, आणि शहराच्या नावाने असते, आणि जगातले मोठे खेळाडू तुमच्या दारात येतात.

आपल्याकडे तर वेळेचाच घोटाळा आहे. पुष्कळशा मॅचेस शनिवारी. शब्बाथ पाळणारा माणूस कितीही वेडा असला तरी गेटवर जाणार नाही. मुलांच्या मॅचेसचीही तीच गत. ब्राझीलच्या त्या मॅचनंतर नातवाने फुटबॉलचा हट्ट धरला. मुलाने त्याला क्लासला घातलं, बूट घेतले, दर महिन्याची फी सुरू झाली. वर्षभर पोरगं मन लावून जात होतं. मग टीममध्ये निवड झाली आणि मॅचेस शनिवार सकाळच्या. सून म्हणाली नाही, मुलगा म्हणाला जाऊ दे, आणि शुक्रवारच्या जेवणाला घरात चार महिने तोच विषय. शेवटी त्याने टीम सोडली. कोणाला दोष देऊ? मी सुनेच्या बाजूने होतो, हेही सांगतो. पण त्याचा चेहरा बघवत नव्हता.

आता तो शेजारच्या मुलांबरोबर संध्याकाळी पार्कात खेळतो. अंगात शर्ट मेस्सीचा. त्याला बार्सेलोनाचे अकराही खेळाडू पाठ आहेत, बेएर शेवाचे विचारले तर दोन सांगतो. फेडरेशनच्या लोकांनी कधी अशा घरात येऊन बसावं. वर्ल्ड कपचं तिसरं स्थान त्यांनी आमच्या टीव्हीपर्यंत आणून पोहोचवलं. पण टीव्हीपासून गेटपर्यंतची बस कोण सोडणार? मुलांची मॅच शुक्रवारी दुपारी किंवा मधल्या वारी ठेवणार का? म्हाताऱ्याला आणि नातवाला मिळून स्वस्तात एक तिकीट देणार का? त्यावर कोणी पत्रकार परिषद घेत नाही.

लीगच्या काही मॅचेस हल्ली टीव्हीसाठी सोमवारी रात्री असतात. मी त्याला म्हटलं, पुढच्या सोमवारी जाऊ या, मी नेतो. तो म्हणाला, "आजोबा, एवढ्या पायऱ्या तुम्ही चढाल का?" मी म्हटलं, तू हात धर. गुडघ्याच्या गोळ्या खिशात ठेवल्यात, आणि सुनेने सॅंडविच करून द्यायचं कबूल केलंय.