भिंत बंद होण्याआधी

टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागातल्या मराठी घरांत गणपतीची आरती झाली, पानं वाढली गेली, की एक विषय हमखास निघतो: बेसमेंट. घराचा ताबा मिळून वर्ष-दोन वर्षं झालेली असतात. खाली सात-आठशे चौरस फुटांची उघड्या काँक्रीटची जागा तशीच पडून असते आणि उन्हाळ्यात पुण्याहून किंवा नाशिकहून आईवडील यायचे असतात. कोणीतरी विचारतं, "बेसमेंट फिनिश करायला भरवशाचा माणूस आहे का कोणी?" उत्तर लगेच येतं. "आपला एक माणूस आहे, नंबर देतो. परमिटच्या भानगडीत पडू नकोस. रोख दिलेस तर टॅक्सही वाचेल."

या उत्तरात तीन समजुती आहेत. ओळखीचा माणूस तोच भरवशाचा, परमिट म्हणजे नगरपालिकेची पैसे उकळायची सोय आणि रोखीच्या व्यवहारात मालकाचा फायदा. चौथी समजूत काम बिघडल्यानंतर ऐकू येते: कारागीर सगळे इथूनतिथून लबाड. माझ्या मते या चारही समजुती चुकीच्या आहेत आणि चांगला कारागीर आपल्या दारापर्यंत पोहोचत नाही तो यांच्यामुळेच.

आधी पूर्वपक्ष नीट मांडते, कारण तो मूर्खपणाचा नाही. आपल्याकडे गावी घर बांधताना ओळख हाच जामीन असायचा. गवंडी पंचक्रोशीतला. काम बिघडवलं तर त्याला बाजाराच्या दिवशी तोंड दाखवायची चोरी. शिवाय मालक रोज कामावर उभा असे. विटेची भिंत ओळंब्यात आहे की नाही हे डोळ्यांना दिसतं. वाकडी असेल तर दुपारपर्यंत पाडून पुन्हा बांधता येते. कागद नसला तरी चालायचं, कारण कामावर नजर होती आणि माणसाला गाव होतं.

ऑन्टारिओतल्या बेसमेंटमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. इथली भिंत पोकळ असते. लाकडी फ्रेमिंग, त्यात इन्सुलेशन, त्यावर प्लास्टिकचा व्हेपर बॅरियर आणि शेवटी ड्रायवॉल. तारा, नळ आणि हवेच्या नळ्या याच पोकळीतून जातात. ड्रायवॉल चढली की चांगलं काम आणि वाईट काम बाहेरून सारखंच दिसतं. रंग मारल्यावर तर दोन्ही सुंदरच दिसतात. आपण दिवसभर नोकरीवर असतो, म्हणून नजर नाही. आणि तो माणूस आज या शहरात तर उद्या त्या, म्हणून गावही नाही. गावाकडचा जामीन इथे लागू पडत नाही. आपण मात्र त्याच जामिनावर पन्नास-साठ हजार डॉलरचं काम सोपवतो.

हे मी स्वतः भोगून लिहिते आहे. आमच्या पहिल्या घराचं बेसमेंट आम्ही असंच करून घेतलं. एका स्नेह्याने मनापासून नाव सुचवलं होतं. माणूस गोड बोलणारा, हिशेबाला सरळ. तीन आठवड्यांत काम संपलं आणि आम्ही घरोघरी त्याची स्तुती केली. दुसऱ्या वसंतात बर्फ वितळलं आणि खाली कुबट वास येऊ लागला. भिंत उघडली तर इन्सुलेशन ओलं होऊन काळं पडलेलं. तळाची लाकडी पट्टी काँक्रीटवर थेट ठेवलेली, मध्ये ओल अडवणारा साधा थरही नव्हता. एके ठिकाणी तारांचा जोड डबीत न घेता नुसता टेपने गुंडाळून भिंतीत सोडलेला होता. त्या भिंतीला लागून माझ्या आईचा पलंग होता.

सुचवणाऱ्या स्नेह्याला मी दोष देत नाही. त्याचं स्वतःचं बेसमेंट तेव्हा तीन महिन्यांचं होतं. रंग ओला असताना केलेली शिफारस ती, तिची किंमत तेवढीच. शिफारस घ्यायचीच तर तीन हिवाळे उलटून गेलेल्या घरातली घ्यावी. तिथे मार्च-एप्रिलमध्ये जावं, कोपऱ्यात वाकून वास घ्यावा आणि मग मत बनवावं.

आता परमिट. परमिटची फी भरावी लागते आणि काही आठवडे थांबावं लागतं, हे खरं. पण त्या फीच्या बदल्यात काय मिळतं ते पाहा. इन्स्पेक्टर भिंत बंद होण्याआधी येतो. फ्रेमिंग पाहतो, नळजोडणी पाहतो, इन्सुलेशन आणि व्हेपर बॅरियर पाहतो आणि मगच पुढचं काम चालू होतं. विजेच्या कामाची तपासणी इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटी स्वतंत्रपणे करते. गावाकडे मालकाची जी नजर होती, तीच ही नजर आहे. फरक एवढाच की ती शिकलेली आहे. तिला नको म्हणणारा कॉन्ट्रॅक्टर नेमकं काय लपवतो आहे, हा प्रश्न आपण का विचारत नाही?

नियमांमागे जिवाची काळजी आहे. बेसमेंटमध्ये बेडरूम असेल आणि थेट बाहेर उघडणारा दरवाजा नसेल, तर माणूस बाहेर पडू शकेल अशी खिडकी लागते. तिचा उघडणारा भाग किमान ०.३५ चौरस मीटर हवा आणि त्याची कुठलीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. घर गरम करणारी भट्टी शेजारच्या खोलीत असते, म्हणून धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. हे आकडे फाइल फुगवण्यासाठी लिहिलेले नाहीत. रात्री दोन वाजता धूर भरला तर सत्तरीतला माणूस त्या खिडकीतून निघेल का, हा विचार त्यांच्यामागे आहे. परमिट न घेता केलेलं काम उघडकीला आलं, तर झाकलेली भिंत पुन्हा उघडा असा आदेश निघू शकतो. तेव्हा वाचवलेली फी कोणाच्या आठवणीतही राहत नाही.

रोखीचा हिशेबही मांडू. ५०,००० डॉलरच्या कामावर १३ टक्के विक्रीकर (एचएसटी) म्हणजे ६,५०० डॉलर. रक्कम लहान नाही आणि मोह होतो हे मी नाकारत नाही. पण पावती गेली की तिच्याबरोबर करार गेला, हमी गेली आणि तक्रारीचा आधारही गेला. अंदाजपत्रकापेक्षा १० टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही, हे संरक्षण ऑन्टारिओचा ग्राहक कायदा देतो. घरी बसून केलेला करार दहा दिवसांत रद्द करण्याचा हक्कही देतो. तोंडी सौद्यात हे हक्क सिद्ध कशाने करणार? आणि रोखीच्या कामावर आलेला एखादा विद्यार्थी शिडीवरून पडला तर? त्याला विम्याचं छत्र असेलच याची खात्री नाही आणि जबाबदारी घ्यायला कोणी पुढे येत नाही. आपणही कधीतरी दोन बॅगा घेऊन इथल्याच विमानतळावर उतरलो होतो. त्या मुलाच्या जिवावर टॅक्स वाचवणं ही कसली काटकसर?

चौथी समजूत मला सर्वांत जास्त बोचते. कारागीर लबाड म्हणण्याआधी आपण त्यांच्याशी कसे वागतो तेही बघू. पाच जणांना घरी बोलावतो, प्रत्येकाचा एकेक तास घेतो, एकाची कल्पना दुसऱ्याला सांगतो आणि काम सर्वांत स्वस्त माणसाला देतो. जो परवाना, विमा आणि कुशल माणसांची मजुरी धरून दर सांगतो, तो आपल्याला महाग वाटतो. काम अर्ध्यावर आल्यावर बाथरूमची जागा बदलतो आणि वर उशीर झाला म्हणून ओरडतो. इलेक्ट्रिशियन फ्रेमिंगवाल्यासाठी थांबतो, ड्रायवॉलवाला इन्स्पेक्टरसाठी. ही साखळी आहे. सचोटीचा माणूस या साखळीचा दिवस न् दिवस सांभाळतो आणि म्हणूनच तो पुढचे कित्येक महिने गुंतलेला असतो. उद्याच सकाळी मोकळा असलेला माणूस मोकळा का आहे, याचा विचार करावा.

मग भरवसा ठेवायचा कशावर? माझं उत्तर सरळ आहे. भरवसा माणसात असतोच, पण तो टिकतो व्यवहाराच्या रीतीमुळे. रीत चोख असेल तर साधा माणूसही चोख काम करतो. रीतच नसेल तर चांगल्या माणसाचाही हात सैल पडतो.

ही रीत अवघड नाही. ऑन्टारिओत इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर यांच्यासाठी परवाना सक्तीचा आहे. सुतारकाम, ड्रायवॉल आणि फरशी यांना तशी प्रांतिक सक्ती नाही. म्हणून पहिल्या दोघांचा परवाना तपासायचा आणि बाकीच्यांचं जुनं काम. विजेच्या कॉन्ट्रॅक्टरला स्वतःचा परवाना क्रमांक असतो. तो दरपत्रकावर नसेल तर मागून घ्यायचा. टोरंटो शहरात घराचं रिनोव्हेशन करणाऱ्याला शहराचाही परवाना लागतो. विम्याचं प्रमाणपत्र दाखवलं तर विमा कंपनीला फोन करून खात्री करायची. करारात काय होणार, कोणत्या मालाने होणार, कधी होणार आणि परमिट कोण काढणार हे लिहून घ्यायचं. पैसे तारखेवर द्यायचे नाहीत, पार पडलेल्या तपासणीवर द्यायचे. प्रांताच्या बांधकाम कायद्याप्रमाणे प्रत्येक हप्त्यातले १० टक्के राखून ठेवायचे असतात. मुख्य कॉन्ट्रॅक्टरने आपल्या माणसांचे पैसे थकवले, तर ती माणसं तुमच्या घरावर कायदेशीर बोजा चढवू शकतात. त्यासाठी ६० दिवसांची मुदत असते. ती उलटल्यावर राखलेली रक्कम एक डॉलरही न कापता द्यायची. तो पैसा कारागिराचाच आहे.

आणि माणूस पारखायचा तो पहिल्या भेटीत. जो आल्याआल्या टाइल्स आणि पॉटलाइट्सबद्दल बोलू लागतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा. जो टॉर्च घेऊन कोपऱ्यात वाकतो, काँक्रीटवरची पांढरी क्षारांची रेघ दाखवतो, बाहेरच्या पन्हळीचं पाणी कुठे जातं ते विचारतो, तो कामाचा. नव्या घराचं काँक्रीट सुकायला वेळ लागतो हे तो सांगेल. फरशीवर प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा, खाली थेंब जमले तर थांबा, असंही सांगेल. बाहेरून पाणी शिरण्याचा विषयही तो काढेल. ८ जुलै २०१३ रोजी पिअर्सन विमानतळावर १२६ मिलिमीटर पाऊस पडला आणि टोरंटो परिसरात कितीतरी बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. १६ जुलै २०२४ लाही असंच पाणी शिरलं. गटाराचं पाणी उलट घरात येऊ नये म्हणून बॅकवॉटर व्हॉल्व्ह बसवायचा, तर फरशी फोडावी लागते. मग तो विषय फरशी सजवण्याआधी काढणारा माणूस तुमचे पैसे वाढवतो आहे की वाचवतो आहे? जमिनीतून येणारा रेडॉन वायूही आधीच मोजून घ्यावा. हेल्थ कॅनडाने त्याची मर्यादा एका घनमीटरला २०० बेकरेल ठेवली आहे आणि मोजणी हिवाळ्यात निदान तीन महिने करावी लागते.

आमच्या दुसऱ्या घराचं बेसमेंट याच रीतीने झालं. वेळ दुप्पट लागला, खर्चही जास्त झाला. भिंती बंद होण्याच्या आदल्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरने स्वतःहून मला खाली बोलावलं आणि सांगितलं, "ताई, प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा. कुठे तार आहे, कुठे नळ आहे, पुढे उपयोगी पडेल." आपलं काम उघडं दाखवायला तो कचरत नव्हता. भरवशाच्या माणसाची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

पुढच्या वेळी आरतीनंतर कोणी "आपला माणूस आहे का" असं विचारलं, तर नुसता नंबर देऊ नका. काम होऊन किती हिवाळे झाले ते सांगा, परमिट घेतलं होतं का ते सांगा आणि भिंत बंद होण्याआधी ती कोणी पाहिली होती तेही सांगा. हे सांगता येत नसेल तर नंबर आपल्याजवळच ठेवा. त्या भिंतीशेजारी उद्या कोणाची तरी आई झोपणार आहे.