पाना लावण्याआधी कान लावा

शेतकरी बांधवांनो, पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्याच्या दारात पंधरा-वीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर उभा आहे, त्यानं शेवटपर्यंत वाचावी.

माझा ट्रॅक्टर १९९८ चा, ३५ एचपीचा. यंदा मे महिन्यात रोटाव्हेटर लावला की काळा धूर ओकायचा आणि ओढ तर अजिबात नाही. गॅरेजला नेला. मिस्त्रीनं एकदा रेस दिली, धुराकडं बघितलं आणि सांगून टाकलं, "हाफ इंजिन करावं लागंल. क्लचप्लेट पण गेली, ट्रॅक्टर मधून तोडावा लागंल. साठेक हजार धरा."

सोयाबीनच्या बियाण्या-खतासाठी ठेवलेले पैसे तेवढेच होते. दोन दिवसांत सांगतो म्हणून ट्रॅक्टर परत आणला.

आमच्या गावात एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक चाचा आहेत. त्यांनी पान्याला हात लावायच्या आधी मलाच प्रश्न विचारले. धूर रिकामा असताना येतो का लोडवर? थंड असताना का तापल्यावर? शेवटचं काय काम केलं होतं?

मग ऑइलची कांडी काढून बोटावर तेल चोळून पाहिलं. तेल दुधाळ, चहासारखं झालेलं नव्हतं, म्हणजे त्यात पाणी उतरलेलं नव्हतं. ब्रीदरमधून धुराचा जोर नव्हता, म्हणजे रिंगा बऱ्या होत्या. नंतर एअर क्लीनरची वाटी खोलली. आत तेल कुठलं, लापशीसारखा चिखल! इंजिनला श्वासच मिळत नव्हता. वाटी आणि जाळी डिझेलनं धुतली, खुणेपर्यंत नवं तेल भरलं. काळा धूर गेला.

ओढ मात्र अजून कमीच होती. लोडवर इंजिनाचा आवाज चढायचा, पण चाक तेवढं पळत नव्हतं. चाचांनी मोकळ्या जागेत ब्रेक लावून वरचा गिअर टाकायला लावला आणि क्लच हळूहळू सोडायला सांगितला. इंजिन बंद पडायला हवं होतं, ते चालूच राहिलं. क्लच घसरत होता. पण प्लेट गेलेली नव्हती. पेडलला मोकळी चाल उरलेली नव्हती, त्यामुळं क्लच सतत अर्धवट दाबलेला राहत होता. रॉड ॲडजस्ट केला, काम झालं.

साठ हजारांचं काम हजाराच्या आत निघालं. चाचा पैसे घेईनात, मी बळंच पाचशे रुपये त्यांच्या खिशात कोंबले.

दरवेळी असं स्वस्तात सुटतं, असं मी म्हणत नाही. निळा धूर येतोय, ऑइल कमी होतंय आणि ब्रीदर धूर फेकतोय, तर इंजिन खोलावंच लागतं. चालता चालता गिअर निसटत असेल तर आतले दात किंवा फोर्क झिजलेला असू शकतो. न्यूट्रलला घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घ्यायचा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग बघायचं. म्हणणं एवढंच की आधी रोग ओळखा, मग ऑपरेशन करा.

आता कडू बोलतो. दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. आपण त्याला कशाचे पैसे देतो? पार्टचे आणि खोलून बसवायचे. त्यानं तासभर बसून नुसतं ऐकलं, तपासलं आणि "फक्त क्लीनर धू" असं सांगितलं, तर आपण त्याला चहा पाजून वाटेला लावतो. मग तो रोग ओळखायला कशाला बसेल? पार्टच बदलणार. आपल्या फुकट्या सवयीनंच ही विद्या मारली. चाचांसारखी माणसं गेली की ती संपणार.

सरकारचंही तसंच. नव्या ट्रॅक्टरला अनुदान आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, बऱ्याच पार्टवरचा १८ वरून ५ वर आला. चांगलं झालं, स्वागत आहे. पण नको तो पार्ट पाच टक्क्यांनी घेतला तरी तो तोटाच! दोन-चार एकरवाला काही नवा ट्रॅक्टर घेणार नाही, तो जुन्यावरच पेरणी करणार.

म्हणून दोन मागण्या आहेत. आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टरचा ट्रेड आहे. त्या पोरांना आणि गावच्या जुन्या फिटरांना एकत्र बसवून कृषी विभागानं दरवर्षी एप्रिल-मेमध्ये मंडळनिहाय ट्रॅक्टर तपासणी शिबिर घ्यावं. पोरं शिकतील, शेतकऱ्याचे पैसे वाचतील. आणि दुसरी मागणी आपल्या स्वतःकडं: तपासणीची फी आनंदानं द्या. काय बिघडलंय आणि कशावरून, हे कागदावर लिहून घ्या. मगच इंजिन खोलू द्या.

पाचशे रुपये द्यायला जीव खालीवर होतो, अन् साठ हजाराला आपण मुकाट मान डोलावतो. कुठंतरी चुकतंय ना?

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. पेरणीच्या तोंडावर एखाद्याचं बियाणं वाचेल.