खर्चाच्या बाजूला कोण लिहिणार?



परवा नात मानसशास्त्राचा धडा मोठ्याने वाचत होती. 'समुद्री ससा' ऐकून मी भाजी निवडताना थांबले. ससा कसला, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची मऊ गोगलगाय ती. शंख-शिंपल्याच्या कुळातली, म्हणजे आपल्या पाठशाळेतली बेइंद्रिय.

एरिक कँडेल यांनी तिच्यावर स्मृतीचा अभ्यास केला, २००० साली त्यांना नोबेल मिळाले. तिच्या चेतापेशी जेमतेम २०,०००, पण काही नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. शेपटीला विजेचा धक्का द्यायचा. मग हलका स्पर्श झाला तरी ती कल्ला जोरात आत ओढते. एका धक्क्याची आठवण काही मिनिटे, अनेक धक्क्यांची कित्येक दिवस.

शोध मोठाच आहे. राग वेगळ्याचा आहे. 'त्यात काय आजी, गोगलगाय तर आहे,' नात म्हणाली. अमेरिकेचा प्राणिकल्याण कायदाही तेच म्हणतो, त्यात फक्त उष्ण रक्ताचे प्राणी येतात. अहो, शिकण्यापुरती ती आपल्यासारखी, आणि दुखण्याच्या वेळी परकी? कापण्याआधी मॅग्नेशियम क्लोराईड टोचून तिला सुन्न करतात, हे मान्य. पण धक्का देताना ती जागीच असते. मी बी.कॉम. झालेली बाई, जमा लिहिली की खर्चही लिहावाच लागतो. किती जीव वापरले, का वापरले, एवढे तरी कायद्याने विचारा!

(मोत्याच्या कुड्या घालून हे लिहितेय, तेही कबूल. आजच काढल्या.)

नातीला म्हटले, वर्गात विचार हे. म्हणाली, 'त्याला मार्क नाहीत गं.'