मधला तीन

पोशीर गावातल्या शाळकरी मुलांनी वहीत ३१ ही संख्या लिहावी. ही मूळ संख्या. १ आणि स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. मध्ये एक ३ घुसवला की ३३१, तीही मूळ. ३३३१, ३३३३१ करत ३,३३,३३,३३१ पर्यंत गाडी सुसाट जाते. पुढच्याच ३ ला अडते: ३३,३३,३३,३३१ ला १७ ने नि:शेष भाग जातो, भागाकार १,९६,०७,८४३. सात वेळा साधलेली गोष्ट आठव्यांदाही साधेलच असे नाही, हे इतक्या स्वच्छपणे दुसरे कोणते उदाहरण सांगेल? आकड्यांचे असेच वेड देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना जन्मभर होते. १२१, १२३२१ या त्यांच्या ‘डेम्लो संख्या’. नाव डोंबिवली स्थानकावरून. कल्पना तिथेच सुचलेली. पोशीरच्या गुरुजींनी १७ चा तो भागाकार एकदा फळ्यावर मुलांकडूनच करून घ्यावा.