स्वस्तात परदेशी ट्रेक करायचाय? आधी हे चार प्रश्न विचारा

दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झालेत. आमच्या कर्जत-खोपोली पट्ट्यातल्या ट्रेकर मंडळींत सध्या एकच प्रश्न फिरतोय, "पन्नास हजारांत परदेशात कुठला ॲडव्हेंचर ट्रेक होईल?" उत्तरांचा नुसता पाऊस. कोणी व्हिएतनाम सांगतो, कोणी बाली, कोणी कझाकस्तान, कोणी नेपाळ. प्रत्येक उत्तरात विमानाचं भाडं असतं, व्हिसा असतो, हॉटेलचा दर असतो. त्या डोंगराखाली राहणारा माणूस मात्र एकाही उत्तरात नसतो.

मी हा प्रश्न ठाकुरवाडीच्या बाजूने बघतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ठाकुरवाडी हे एकाच गावाचं नाव नाही. कर्जत, खालापूर, पनवेल तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याला आणि माचीवर ठाकूर समाजाच्या वस्त्या आहेत, त्यातल्या कितीतरी वस्त्यांना हेच नाव. बोरघाटात रेल्वेचं एक ठिकाणही याच नावाचं आहे. कलावंतीण दुर्गाची वाट सुरू होते ती पनवेलकडच्या ठाकुरवाडीतून.

मुंबईच्या माणसाला "स्वस्त आणि थरारक" ठिकाण हवं असतं तेव्हा तो आमच्याकडेच येतो. लोकलचं तिकीट, टमटम, वाडीत पिठलं-भाकरी आणि समोर कातळ. त्यामुळे स्वस्त सहल दुसऱ्या बाजूने कशी दिसते ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे. सहल स्वस्त असते तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी कमी पैशात राबत असतो. म्हणून परदेशात जाताना आपण जे ठिकाण निवडतो, तिथे आपण मुंबईकर आणि समोरचा ठाकुरवाडीवाला असतो, एवढं डोक्यात ठेवायला हवं.

माझं म्हणणं साधं आहे. ठिकाण निवडताना खर्चाचा तक्ता दुसऱ्या नंबरवर ठेवा. आधी चार प्रश्न विचारा.

१. अपघात झाला तर कोण येणार?

१९ जुलै २०२३ ची रात्र आमच्याकडे कोणी विसरणार नाही. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर खाली आला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली, चार दिवसांनी शोध थांबवला. वाडीपर्यंत रस्ता नाही, त्यामुळे जेसीबी वर जाऊ शकला नाही. बचाव पथकं चिखलातून पायी चढली आणि फावड्यांनी खणत राहिली. इर्शाळगडाच्या ट्रेकला वर्षानुवर्षं हजारो लोक याच वाडीतून गेले होते, चहा प्यायले होते. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत मात्र वाडीचं नाव नव्हतं.

आता परदेशातलं बघा. इंडोनेशियात लोम्बोक बेटावर रिंजानी नावाचा ३,७२६ मीटरचा ज्वालामुखी आहे. फोटो जबरदस्त येतात, खर्चही कमी. जून २०२५ मध्ये तिथे एक ब्राझिलियन तरुणी घसरून दरीत पडली. ती हलताना ड्रोनमधून दिसली होती, पण उतार, धुकं आणि साधनांची वानवा यामुळे पथक तिच्यापर्यंत पोचायला चार दिवस गेले. तोवर ती गेली होती. त्याच देशात सुमात्रा बेटावरच्या मारापी ज्वालामुखीचा ३ डिसेंबर २०२३ ला उद्रेक झाला आणि वर असलेले २४ गिर्यारोहक मेले.

इंडोनेशियात जाऊच नका असं मी म्हणत नाही. पण पॅकेज विकणाऱ्याला विचारा: जवळचा डॉक्टर किती तासांवर? हेलिकॉप्टर येतं का? त्याचे पैसे कोण देणार? साध्या प्रवास विम्यात बहुतेक वेळा ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक धरलेला नसतो. पॉलिसीतली ती ओळ शोधून वाचा.

व्हिएतनामच्या हा-जांगला मोटारसायकल भाड्याने घेऊन फिरायचं सध्या फॅड आहे. ई-व्हिसा २५ डॉलरला मिळतो, गाडी स्वस्त, घाट अप्रतिम. पण तिथे चालणारा परवाना खिशात नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. स्वतः चालवण्यापेक्षा तिथल्या स्थानिक चालकाच्या मागे बसून जा. त्याला रोजगार मिळतो आणि तुमचं हाडही शाबूत राहतं.

२. ओझं कोणाच्या पाठीवर आहे?

किलीमांजारोचं वेड आपल्याकडे खूप आहे. ५,८९५ मीटर, आफ्रिकेतलं सर्वोच्च शिखर, आणि दोराचं तांत्रिक चढण नाही. पण ते स्वस्त नाही. उद्यानाची फीच दिवसाला डॉलरमध्ये मोजावी लागते. तरी कोणी "निम्म्या भावात नेतो" म्हणाला तर तो निम्मा भाव पोर्टरच्या मजुरीतून आणि जेवणातून काढलेला असतो. तिथे पोर्टरवर कंपनीचं २० किलोपेक्षा जास्त ओझं टाकायचं नाही असा नियम आहे. पोर्टरांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था आहे आणि कोणत्या कंपन्या नीट वागतात हे ती जाहीर सांगते. ते बघूनच पैसे भरा. वर्गणी काढून झेंडा फडकवायला जाणाऱ्यांनी तर जरूर बघा, कारण झेंड्याच्या फोटोत पोर्टर कधीच नसतो.

नेपाळातही हेच. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुडहुड चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांनी त्याच वादळाचा बर्फ अन्नपूर्णा सर्किटवरच्या थोरोंग ला खिंडीत (५,४१६ मीटर) कोसळला. चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यात परदेशी ट्रेकर होते तसे नेपाळी गाइड आणि पोर्टरही होते. तुमच्या अंगात डाउन जॅकेट असताना तुमची सॅक वाहणाऱ्याच्या पायात काय आहे, हे निघण्याआधी बघायला दोन मिनिटं लागतात.

३. पैसा गावात राहतो का?

कर्जतमध्ये फिरा. नदीकाठी, धरणाकाठी फार्महाऊस, रिसॉर्ट, कॅम्पिंग साइट. जमीन एके काळी कोणाची होती आणि आज गेटवर वॉचमन म्हणून कोण उभा आहे, ते बघितलं की उत्तर मिळतं. याउलट प्रबळमाचीवर किंवा कोथळीगडाच्या पेठ गावात मुक्काम केलात, तर जेवणाचे पैसे रांधणाऱ्या बाईच्या हातात जातात. दोन्ही "कर्जतची ट्रिप"च, पण पैशाची वाट वेगळी.

या कसोटीवर नेपाळचा अन्नपूर्णा परिसर मला सगळ्यात पुढे वाटतो. १९८६ पासून तिथे संरक्षण प्रकल्प आहे. ट्रेकरकडून घेतलेली फी बरीचशी त्याच भागात पायवाटा, पूल, शाळा, पाणी यावर खर्च होते आणि त्यात गावच्या समित्यांचा हात असतो. मुक्कामाची लॉजं बहुतेक गुरुंग, मगर अशा स्थानिक कुटुंबांची. सार्क देशाच्या नागरिकाला परमिट १,००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले ६२५. भारतीयाला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर जाता येतं. कुर्ला टर्मिनसहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा, पुढे बसने पोखरा. विमानाशिवाय परदेशवारी होते, फक्त पाठ जरा दुखते.

४. "आता बंद" असं म्हणायची ताकद कोणाकडे आहे?

हा प्रश्न आपण विचारतच नाही. रिंजानी दरवर्षी पावसाळ्यात, जानेवारी ते मार्च, ट्रेकसाठी बंद असतो. भूतानने १९९४ मध्ये ६,००० मीटरच्या वरची शिखरं बंद केली आणि पुढे गिर्यारोहणच थांबवलं, कारण लोक शिखरांना देवाचं स्थान मानतात. गांखर पुएनसुम हे त्यांचं सर्वोच्च शिखर आजही कोणी चढलेलं नाही. भारतीयाकडून ते रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क घेतात आणि ट्रेकला गाइडशिवाय सोडत नाहीत. आपले लोक या १,२०० वर कुरकुर करतात. मला विचाराल तर ते तिकीट योग्य आहे. गर्दी नाही, कचरा नाही, आणि पारोजवळच्या तक्त्संगला चढताना कोणी स्पीकर लावलेला नसतो.

आता आपल्याकडचं "बंद" बघा. दर पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधब्यांवर आणि धरणांवर बंदीचा आदेश काढतं. सोलनपाडा, आषाणे, पाली-भुतिवली ही नावं दरवर्षी यादीत. शनिवार-रविवारी पोलीस रस्ता अडवतात, लोक आडवाटेने जातात, कोणीतरी बुडतं, आणि मका-भजी विकणाऱ्या वाडीतल्या बाईचा चार महिन्यांचा धंदा मात्र खरोखर बंद होतो. जीव वाचायलाच हवेत, याबद्दल वाद नाही. पण रोज किती माणसं, कोणत्या वाटेने, कोणत्या वाटाड्यासोबत, हे ठरवायचं सोडून सरसकट बंदी काढणं म्हणजे जबाबदारी कागदावर पार पाडणं.

मग माझी शिफारस काय?

पहिल्यांदा जाणाऱ्याला: घोरेपानी-पूनहिल (३,२१० मीटर). चार-पाच दिवसांत होतो, उंची फार नाही, पहाटे धौलागिरी-अन्नपूर्णा समोर. जरा सराव असलेल्याला: अन्नपूर्णा बेस कॅम्प (४,१३० मीटर).

दुसऱ्या खेपेला: लांगटांग. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात बर्फ आणि दगड कोसळून लांगटांग गाव गाडलं गेलं. गावकरी आणि ट्रेकर मिळून शेकडो माणसं गेली. वाचलेल्यांनी जवळच पुन्हा घरं बांधली, पुन्हा लॉज सुरू केली. त्यांना दयेपेक्षा गिऱ्हाईक हवं आहे. इर्शाळवाडी पाहिलेल्या आपल्या माणसांनी तरी तिथे जावं असं मला वाटतं. दोन जेवणं तिथे घेतली तरी त्यांना उपयोग आहे.

तिसरं: भूतान, थोडे जास्त पैसे साठवून.

नेपाळ म्हणजे स्वर्ग असंही समजू नका. २०१८ मध्ये तिथल्याच सरकारी चौकशीत हेलिकॉप्टर बचावाच्या नावाखाली विम्याचे पैसे उकळणारी साखळी उघड झाली. एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरला गाइड सक्तीचा केला, पण एव्हरेस्टकडच्या खुंबू भागातल्या स्थानिक पालिकेने तो नियम मानला नाही. तरीही गाइड घ्याच, नियमासाठी नाही तर स्वतःसाठी.

आणि एक इशारा, सह्याद्रीवाल्यांसाठी खास. आपण कळसूबाई (१,६४६ मीटर) तीन तासांत चढतो म्हणून छाती फुगवू नका. विरळ हवेला तुमचा दम माहीत नसतो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकं दुखून उलटी होत असेल तर वर जायचं नाही, आणि आराम पडला नाही तर खाली उतरायचं. "आठ दिवसांचा ट्रेक पाच दिवसांत, पैसे कमी" अशी जाहिरात दिसली की समजा, वाचवलेले तीन दिवस तुमच्या फुप्फुसातून काढणार आहेत.

शेवटचा मुद्दा, सरकारसाठी आणि आपल्यासाठी

राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांना नोंदणी सक्तीची केली. चांगलंच झालं. पण नोंदणी होते ती मुंबई-पुण्यातल्या आयोजकाची. ज्या ठाकूर पोराला रानातली प्रत्येक वाट, प्रत्येक ओढा पाठ आहे, तो त्या आयोजकाच्या हाताखाली रोजावर सामान उचलतो. त्याच्याकडे ना प्रमाणपत्र, ना विमा. आदिवासी पोरांना संधी दिली की काय होतं ते याच राज्याने बघितलंय. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या "मिशन शौर्य"मधून चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पाच मुलं एव्हरेस्टवर पोचली. पेपरात फोटो आले, सत्कार झाले. मग कर्जत-खालापूरच्या मुलांना प्रथमोपचार, दोरकाम आणि बचावाचं प्रशिक्षण देऊन परवानाधारक वाटाड्या करायला काय अडतं? दर माणशी ठरावीक शुल्क घ्या, त्यातून त्यांचा विमा काढा, उरलेलं वाडीच्या पाण्याला आणि रस्त्याला द्या. आजही कित्येक वाड्यांतून आजारी बाईला झोळीत घालून खाली आणावं लागतं. ज्या वाटेने हजारो ट्रेकर जातात, त्याच वाटेने.

तोवर आपल्या हातात काय आहे? परदेशात जाताना हे चार प्रश्न विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर दहा हजार वाचत असले तरी ते ठिकाण सोडा. आणि पुढच्या रविवारी कर्जतला उतरलात तर तेच चार प्रश्न इथेही विचारा. वाटाड्या वाडीतलाच घ्या, जेवण वाडीतच घ्या, आणि भाकरीच्या भावात घासाघीस करू नका. पोखऱ्यात पाचशेची डाळभात थाळी हसत हसत खाणारा माणूस इथे शंभराच्या ताटावर वाद घालतो, ते बघवत नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कुठे चुकतंय ते सांगा, बोलू.