मशीनची परीक्षा रांगेत घ्या

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

रेशनच्या दुकानात, बँकेच्या काउंटरवर, दाखल्याच्या खिडकीवर हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्या वस्तीत दाखवा. पूर्वी साहेब रजेवर असायचा. आता सर्व्हर डाऊन असतो. साहेबाच्या टेबलावर मूठ आपटता यायची, मोर्चा नेता यायचा. सर्व्हरचं तोंड कुणी पाहिलंय?

दोस्तहो, मशीनला जात असते की नसते यावर विद्वानांना परिसंवाद भरवू द्या. आपला सवाल साधा आहे. मशीन नीट चालतं की नाही हे ठरवायचं कुणी, आणि कुठं उभं राहून? एसी खोलीत बसून, की दुकानापुढच्या रांगेत उभं राहून? कारण या दोन जागांवरून एकच मशीन दोन तऱ्हेचं दिसतं.

हा सवाल आपल्याला नवा नाही. १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात बोले ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. मुंबईत फाईल चाळणाऱ्याला तळं उघडं दिसत होतं. महाडात मात्र आपल्या एका माणसाची ओंजळ त्या पाण्याला लागत नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि त्याच दिवशी आपल्या लोकांची डोकी फुटली. ठराव खरा की खोटा, याचा निकाल तळ्याच्या काठावर लागला. व्यवस्था तपासायची ही आपली रीत आहे. ती फाईलीत तपासायची नसते, वापरताना तपासायची असते.

आता हीच रीत कॉम्प्युटरला लावा.

'थेरॅक-२५' नावाचं कॅन्सरवर किरणोपचार करणारं मशीन होतं. कॅनडातल्या सरकारी कंपनीनं बनवलेलं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्या मशीननं प्रमाणाबाहेर किरणं मारली. त्यातले काही त्यानंच मेले. सुरुवातीला कंपनी म्हणे, असं होणं शक्यच नाही. टेक्सासमधल्या टायलर गावच्या हॉस्पिटलात मार्च १९८६ मध्ये एक माणूस भाजला. इंजिनियर आले, मशीन तपासलं, दोष सापडेना. मशीन पुन्हा सुरू. एप्रिलमध्ये दुसरा माणूस भाजला. मग तिथला भौतिकतज्ज्ञ आणि मशीन चालवणारी बाई दोघं बसली आणि तिनं नेमकं काय केलं ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. तेव्हा भानगड उघडी पडली. रोज तेच काम करून बाईचा हात बसला होता. चुकलेलं अक्षर ती झटकन मागे जाऊन दुरुस्त करायची. ही दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत झाली, तर मशीनला तिचा पत्ताच लागत नव्हता. कंपनीच्या लोकांनाही तो बिघाड तेव्हाच दिसला, जेव्हा त्यांना सांगितलं की बाबांनो, भरभर टाईप करा.

मशीन बनवणाऱ्याला जे माहीत नव्हतं ते मशीन चालवणाऱ्या बाईच्या बोटांत होतं. कष्ट करणाऱ्याच्या हाताला ज्ञान असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण या देशात हाताच्या ज्ञानाला ज्ञान कोण म्हणतं?

दुसरी गोष्ट इंग्लंडची. तिथल्या पोस्टात १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली आली. खेड्यापाड्यांत, गल्लीबोळांत छोटं पोस्ट चालवणारे सब-पोस्टमास्तर, त्यात भारतातून गेलेल्या घरांतलेही कितीतरी. दुकान बंद करून हिशोबाला बसावं तर स्क्रीनवर हजारो पौंडांची तूट. करार असा की तूट पोस्टमास्तरानं भरायची. लोकांनी घरं गहाण टाकली. मदतीसाठी फोन केला तर उत्तर मिळायचं, असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. वर कोर्टात गृहीतच धरलेलं, कॉम्प्युटर बरोबर चालत होता. तो चुकला असं म्हणायचं असेल तर आरोपीनं सिद्ध करावं. ९०० हून जास्त लोक चोर ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला.

हे फुटलं कसं? अॅलन बेट्स नावाच्या एका पोस्टमास्तरानं आणि इतरांनी २००९ साली फेनी कॉम्प्टन नावाच्या खेड्यातल्या हॉलमध्ये बैठक घेतली. 'फक्त तुम्हालाच' असं ज्यांना ज्यांना सांगितलं होतं ते एकमेकांसमोर बसले. एकाची तक्रार दुसऱ्याच्या तक्रारीशेजारी ठेवली. पुढं ५५५ जण मिळून कोर्टात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये हायकोर्टानं मान्य केलं की प्रणालीत दोष होते आणि त्या दोषांनी हिशोबात तूट दिसू शकत होती. २०२४ साली पार्लमेंटला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. या सगळ्याला वीस-पंचवीस वर्षं लागली, तीही गोऱ्या लोकशाहीत.

पोथी बरोबर, माणूस खोटा. हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. पोथीच्या जागी फक्त स्क्रीन आली.

आता आपल्या दारात या. आधारच्या प्राधिकरणाच्या प्रमुखांनी मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं सांगितलं की सरकारी सेवांमध्ये ओळख पटण्याचं प्रमाण ८८ टक्के आहे. म्हणजे शंभरात बारा वेळा मशीन माणसाला ओळखत नव्हतं. हे बारा कोण? आकड्याला तोंड नसतं, पण बोटांना असतं. वीट, सिमेंट, खडी, झाडू, खुरपं, धुण्याभांड्याचा सोडा यांनी बोटाच्या रेषा झिजतात. म्हातारपणानं झिजतात. ज्याची बोटं फक्त पेन धरतात त्याचा अंगठा पहिल्या झटक्यात लागतो. सरासरीच्या पोटात हा फरक गडप होतो. अमेरिकेत जॉय ब्युओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन काळ्या बायांनी २०१८ साली चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे सांगणाऱ्या प्रणाल्या तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के. काळ्या बायांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. सरासरी काढून गप्प बसणाऱ्यांना हे कधी दिसलं नसतं. ज्यांना मशीन ओळखत नाही त्यांनीच मशीनला ओळखलं!

प्राधिकरणाचं म्हणणं, अंगठा लागला नाही म्हणजे हक्क नाकारला असं होत नाही, दुसरी सोय ठेवलेली आहे. कबूल. कागदावर सोय आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची पोरगी मेली. कार्ड आधारला जोडलेलं नव्हतं म्हणून घरचं रेशन बंद झालं होतं. घरचे म्हणाले, भुकेनं गेली. प्रशासन म्हणालं, मलेरियानं. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ ला केंद्राच्या अन्न खात्यानं राज्यांना कळवलं की आधार नाही किंवा अंगठा लागत नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नका. पत्र चांगलंच आहे. चवदार तळ्याचा ठरावही चांगलाच होता.

आणि एक लक्षात ठेवा. मशीन स्वतःची वही ठेवतं. किती अंगठे लागले, किती नाही, त्यात लिहिलेलं असतं. पण तीन चकरा मारून दमलेली म्हातारी चौथ्यांदा घरातून निघतच नाही, ती त्या वहीत कुठं असते? जिचं नाव यादीतूनच उडालं ती कुठं असते? मशीनच्या लेखी ती नाहीच. तिची नोंद ठेवायची तर आपल्यालाच ठेवावी लागेल.

आपली पोरं आता बी.ई., एम.सी.ए. झालीत. पुण्यात, हैदराबादेत कोड लिहितात. त्यांना विचारा. कंपनीत प्रोग्राम टेस्ट करून सोडला म्हणून कुणी झोपायला जात नाही. तो चालू असताना चोवीस तास त्यावर पहारा असतो. कुठं अडलं, किती वेळ अडलं, कुणाला अडलं, सगळं बघतात. जरा खोळंबा झाला की रात्री दोनला फोन वाजतो. कारण तिथं पैसा अडकलेला असतो. इथं भूक अडकलेली आहे. तिचा गजर कुठल्या स्क्रीनवर वाजतो?

म्हणून आता भाषण पुरे. शंभर पानी वही घ्या. आपल्या वस्तीच्या रेशन दुकानापुढं महिनाभर आळीपाळीनं बसा. कोण आलं, किती वाजता आलं, कोणतं बोट लावलं, कितव्या खेपेला लागलं, स्क्रीनवर काय अक्षरं आली, दुकानदार काय बोलला, धान्य मिळालं की परत गेलं, हे सगळं लिहा. ज्यांचा अंगठा लगेच लागला त्यांनाही लिहा. फक्त रडगाणी गोळा केलीत तर साहेब म्हणणार, अपवाद आहेत. शंभरातले किती हे सांगता आलं की त्याची बोलती बंद होते. जे आले नाहीत त्यांच्या घरी जा. दुकानदाराला उगाच शिव्या देऊ नका. तो काळाबाजारवाला असेल तर त्याचं वेगळं बघू. पण रेंज कुठल्या वेळेला येते, कुठल्या आठवड्यात मशीन मान टाकतं, हे त्यालाच ठाऊक. तोही लिहून घ्या. मग शेजारच्या वस्तीची वही आणा आणि दोन्ही शेजारी ठेवा. कोड लिहिणाऱ्या पोरांनी रविवारी येऊन त्यातून अर्थ काढावा. शिक्षणाचं कर्ज असंही फेडता येतं.

हे काही जगावेगळं नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या. मस्टर गावासमोर मोठ्यानं वाचला आणि विचारलं, हा माणूस कामावर होता काय? मेलेल्यांच्या नावानं उचललेली मजुरी गावानंच पकडली. अन्नसुरक्षा कायदा, २०१३ याच्या २८व्या कलमात सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद आहे. त्या कलमाखाली आता मशीनची सुनावणी मागा. अंगठा नाकारला की कारण लिहिलेली पावती मागा. दुकानवार नाकारलेल्या अंगठ्यांचा आकडा दुकानाच्या भिंतीवर लावायला सांगा. आणि मशीन व माणूस यांचं म्हणणं जुळत नसेल तर मशीन बरोबर आहे हे सरकारनं सिद्ध करावं, तोवर माणसाला धान्य द्यावं.

बुद्धानं कालामांना सांगितलं होतं, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. त्यात आजच्यासाठी एवढंच जोडू : स्क्रीनवर आलं म्हणूनही मानू नका.

पुढच्या महिन्याच्या वाटपापासून वही सुरू करा. पहिली वही भरली की आमच्याकडं घेऊन या.

जय भीम.